गिटार कॅबिनेट
इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरचा स्पीकर बसवलेली लाकडी पेटी. हा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्‌झवरील कंप्रता दाबतो. म्हणूनच डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा, कर्कशपणा कानाला सोसवतो. व्हॉक्स एसी-30 अँप्लिफायरमधला अल्निको चुंबकाचा, 15 वॅटचा सेलेस्टियन ब्लू स्पीकर खणखणीत वाजतो. मार्शलच्या चार स्पीकरांच्या बंद पेटीतला सिरॅमिक चुंबकाचा ग्रीनबॅक स्पीकर मधल्या कंप्रतांच्या पट्टीत भरदार. पाठ उघडी असलेल्या पेटीचा नाद खोलीभर पसरतो, खर्ज मात्र पातळ होतो. बंद पेटीत तो घट्ट राहतो, पण आवाज समोरच धावतो. अँप्लिफायरचे महागडे व्हॉल्व्ह बदलून जो फरक जेमतेम जाणवतो, तो स्पीकर बदलताच ठळक होतो. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध (इम्पिडन्स) 4 ओहम होतो. अँप्लिफायर त्याला जुळता हवा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप्लिफायर वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.