रंग, रेघ आणि ठिपका

कागदावर ओढलेली रेघ मुकी असते. परंतु ती सलग आहे की तुटक, तांबडी आहे की निळी, तिच्या अंगावर गोल ठिपके आहेत की चौकोन, एवढे ठरले की ती बोलू लागते. नकाशा आणि आलेख या दोन्ही विद्यांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या मुक्या रेघेला भाषा शिकविण्याचा इतिहास होय. ही भाषा जपून वापरली नाही, तर काय दडून राहते, याचा धडा माळव्याच्या नकाशाइतका स्पष्ट क्वचितच मिळेल.

धार जिल्ह्यातील राजगढ आज नकाशावर सहज सापडते. इंग्रजी अमलात मात्र हा मुलूख ठिगळांच्या गोधडीसारखा होता. राजगढाच्या शेजारचे सरदारपूर ग्वाल्हेर संस्थानच्या अमझेरा जिल्ह्यात होते. अमझेऱ्याचा राजा बख्तावरसिंह 1857 च्या उठावात उतरला. 1858 साली इंदुरास त्याला फाशी देण्यात आले आणि त्याचे राज्य शिंद्यांकडे गेले. पूर्वेस धारचे पवार होते, त्यांच्याही पलीकडे इंदूरचे होळकर. तथापि साम्राज्याच्या सर्वसाधारण नकाशावर इंग्रजी मुलूख गुलाबी आणि सारी संस्थाने पिवळी रंगविली जात. परका वाचक तो एकच पिवळा पट्टा पाही. माळव्यातील शेतकऱ्याला मात्र कोणत्या गावचा सारा कोणत्या दरबारात भरावयाचा, हे त्या पिवळेपणातून कळण्याची सोय नव्हती.

देवासची गोष्ट याहून विलक्षण. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या बंधूंनी तेथे राज्य केले आणि त्यांच्या वंशांत थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. राजधानी मात्र एकच! दोन राजे, दोन दरबार, आणि गावे एकमेकांत मिसळलेली. 1921 साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता. पुढे त्याने या दरबारावर पुस्तकच लिहिले. अशा ठिकाणी नकाशा काढणाऱ्याने दोन पात्यांना एकच रंग दिला तर एक राज्य नाहीसे होते; आणि दोन रंग देऊन भागवावे, तर काळ्या शाईच्या छपाईत दोन्ही पुन्हा एक होतात.

काळ्या शाईच्या या अडचणीतूनच तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ आणि तिरप्या रेषांची छाया यांचे महत्त्व वाढले. रंग हाताने भरावा लागे; तो महाग आणि वेळखाऊ होता. विल्यम प्लेफेअर याने 1786 साली लंडनमध्ये व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा आयात व निर्यात यांच्या रेघा वेगळ्या रंगांनी दाखविण्यासाठी त्यालाही हातानेच रंग भरावे लागले. दोन रेघांमधील जागा हीच नफ्यातोट्याची कहाणी आहे, हे त्या रंगांमुळे डोळ्यांना एकदम कळे.

आज हेच काम संगणक निमिषार्धात करतो. जॉन हंटर याने 2003 च्या सुमारास पुढे आणलेल्या मॅटप्लॉटलिब या आज्ञावलीत एक अक्षर रंगासाठी, दोन आडव्या खुणा तुटक रेघेसाठी आणि एक अक्षर गोल ठिपक्यासाठी, एवढ्यावर रेघेचा साज ठरतो. सोय मोठी, परंतु माणसाने निवड केली नाही, तर ती यंत्र करते. कमीअधिक मोजमापे रंगांनी दाखविताना पूर्वी या आज्ञावलीत आपोआप येणारी इंद्रधनुषी रंगमाला, मोजमापात नसलेल्या पायऱ्या डोळ्यांना भासवीत असे. म्हणून 2017 सालच्या आवृत्तीत तिच्या जागी समप्रमाणात उजळत जाणारी आणि रंगांधांनाही वाचता येणारी रंगमाला आणण्यात आली.

1948 साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. 1956 साली मध्य भारतच मध्य प्रदेशात सामावला. पातींमधील रेघ पुसली गेली. तिने शिकविलेला नियम मात्र उरला आहे. आलेखातला रंग काढून टाकून पाहावा. तरीही दोन रेघा वेगळ्या ओळखू आल्या, तर आखणाऱ्याने आपले काम चोख केले. कारण खूण ही शोभेसाठी नसते. ज्याच्या वाट्याला एकाच रंगाचा पट्टा येतो, त्याचेही अस्तित्व दिसावे म्हणून ती असते.