साध्या माणसाचे मत

पेपर वाचून खाली ठेवला की मराठी माणूस मत दिल्याशिवाय राहत नाही. चांद्रयान असो, मोबाईलचा नवा टॉवर असो, नाही तर कुणाच्या भाषणावरून भरलेला खटला असो, आमच्या देऊळगाव राजात चहाच्या टपरीवर त्याचा निकाल दहा मिनिटांत लागतो. ह्या मतांमागे फार अभ्यास असतो असे नाही. आज दिलेले मत उद्या बदलतेसुद्धा. पण पूर्वी ते हवेत विरून जायचे. मोबाईल आला आणि टपरीवरचे बोलणे लेखी झाले, तारीख-वेळेसकट! घोळ सुरू झाला तो इथून.

विचारस्वातंत्र्याचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक थोरामोठ्यांचा. संपादक, पुढारी, खटला, तुरुंग. तो थोर आहेच. पण ज्याला कुणी पुढारी म्हणत नाही, ज्याचे मत घाईचे आणि अर्धवट असू शकते, अशा माणसाच्या बोलण्याचे काय? माझ्या मते स्वातंत्र्याची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून आज थोडे मागे जाऊन बघू या.

महाराष्ट्रात छापखाना आला तेव्हा लोकांना आधी त्या यंत्राचीच भीती वाटली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. छापलेल्या कागदाला सोवळ्यातला माणूस शिवेना, कारण शाईत चरबी असते असा समज. मग गणपत कृष्णाजींनी म्हणे तुपाची शाई तयार केली! आज आपल्याला हसू येते; पण मोबाईलच्या लहरींविषयी आपण काय काय बोलतो ते आठवा, म्हणजे हसू जरा आवरते. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले आणि मराठी माणसाला मत छापण्याची जागा मिळाली.

ह्या जागेचा सर्वांत मोकळा उपयोग करणारा माणूस म्हणजे गोपाळ हरि देशमुख. १८४८ साली वय पंचवीस, नोकरी इंग्रज सरकारची. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात ते 'लोकहितवादी' ह्या नावाने पत्रे लिहू लागले. दोन वर्षांत शंभरावर पत्रे झाली, तीच 'शतपत्रे'. ती पत्रे म्हणजे ग्रंथ लिहायला बसलेल्या पंडिताचे काम नव्हे. वर्तमानपत्रे का वाचावीत, ग्रंथालये का काढावीत, लहानपणी लग्ने का लावू नयेत, विधवांचे पुनर्विवाह का व्हावेत, अर्थ न समजता पाठांतर करून काय मिळते, इंग्रजांनी आपल्याला का जिंकले, त्यांची विद्या आपण का घ्यावी... मनात येईल ते, पटेल त्या भाषेत, बेधडक. इंग्रजी राज्याची स्तुती करता करता ते कायमचे राहणार नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले.

त्यांची सगळी मते बरोबर होती का? मुळीच नाही. काही फार घाईची, काही एकांगी. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांचा असा समाचार घेतला की वाचताना अंगावर काटा येतो. पण गंमत अशी की पत्राला उत्तर लेखाने मिळाले. दोघेही छापले गेले आणि दोघांचेही आपण आज वाचतो.

सरकारला मात्र हे फार दिवस सोसले नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आणला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून नि प्रकाशकाकडून हमी घ्यावी, प्रसंगी छापखाना जप्त करावा, आणि त्यावर कोर्टात दादही मागता येऊ नये! ह्यातली मेख अशी की इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. तीच टीका इंग्रजीत केली तर चालेल, मराठीत केली की धोका. म्हणजे भीती मताची नव्हती, ते मत किती लोकांपर्यंत आणि किती स्वस्तात जाते त्याची होती. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या काळात तो कायदा गेला, पण ही भीती गेली नाही. नव्या यंत्राबरोबर ती नव्याने येते.

त्याच १८८२ सालची एक गोष्ट आजच्या काळाला फार जवळची आहे. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झालेले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो अशी वार्ता, आणि तिथले दिवाण माधवराव बर्वे ह्यांची म्हणून काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आलेली. त्यांच्या भरवशावर मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट निघाली! आजच्या भाषेत सांगायचे तर खोटे कागद खरे समजून पुढे पाठवले गेले, आणि पाठवणारे कोण, तर टिळक आणि आगरकर. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते सुटले.

ह्यातली आणखी एक बाजू मला महत्त्वाची वाटते. खटल्याच्या वेळी दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेठ बापूशेठ उरवणे ह्यांनी. ते जोतीराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक मंडळींपैकी. फुले आणि केसरीवाले ह्यांचे विचार किती जुळत होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही ज्याचे विचार पटत नाहीत त्याचा जामीन भरायला ती माणसे उभी राहिली. विचारस्वातंत्र्यावरची शंभर भाषणे एकीकडे आणि हा जामीन एकीकडे.

आता १९०८. मुझफ्फरपूरला बाँब फुटला. सरकारने ८ जून रोजी एकाच दिवशी दोन कायदे केले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वृत्तपत्रांचा. जणू दारू आणि शाई एकाच कोठारातली! दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्याचा एक मुद्दा चक्क तंत्रज्ञानाचा होता. बंदुका-तोफांना कारखाना लागतो, बाँब हे मुख्यतः ज्ञान आहे, आणि ज्ञान कायद्याने कोंडून ठेवता येत नाही. तेव्हा लोकांच्या असंतोषाचे कारण दूर करा. ह्या आणि आधीच्या एका लेखाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन भारतीय; सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

हा झाला मोठ्या माणसाचा इतिहास. आता एकदम शंभर वर्षे पुढे येऊ, कारण ह्यानंतरचा मोठा निकाल लागला तो दोन साध्या मुलींमुळे.

नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे ह्यांचे १७ तारखेला निधन झाले आणि मुंबई-परिसर बंद राहिला. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. आशय एवढाच, की बंद आदराने होतो की भीतीने? तिच्या मैत्रिणीने त्याला पसंतीचा अंगठा दिला. दोघींची वये विशीच्या आसपास. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. लोकहितवादींनी शंभरावर पत्रे लिहिली. ह्या मुलींपैकी एकीने तर काहीच लिहिले नव्हते, नुसता अंगठा!

अटकेला आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ ह्या कलमाचा. २००८ च्या दुरुस्तीने ते आले आणि २००९ पासून लागू झाले. मोबाईल किंवा संगणकावरून पाठवलेल्या मजकुराने कुणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' झाली तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आता सांगा, कुणालाच त्रास न होणारे मत ह्या जगात आहे का? आणि पुन्हा लिटनचाच प्रकार. तेच वाक्य पेपरात छापले तर हे कलम नाही, मोबाईलवर लिहिले की आहे.

श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन ह्यांनी ते कलम संपूर्ण रद्द केले. निकालातली फोड शाळेत शिकवावी अशी आहे. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा, आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोन्हींना, ती कितीही अप्रिय असली तरी, मुभा आहे. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर. आता कलम मेले म्हणजे विषय संपला असे वाटेल. पण रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले, आणि ते थांबवा असे न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

इथे कुणी म्हणेल, गुरुजी, मोबाईलवरच्या बोलण्याने माणसे मेली त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. मुले पळवणारी टोळी आली आहे ही अफवा मोबाईलवरून फिरत होती, तिने त्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

पण नीट बघा, पालघर आणि राईनपाडा ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पालघरला होते ते मत. राईनपाड्याला होती ती खबर, आणि तीही खोटी. मत म्हणजे मला काय वाटते ते. खबर म्हणजे काय घडले ते. मताला पुरावा मागता येत नाही, खबरीला मागितलाच पाहिजे. आपण उलटे करतो. कुणी वेगळे मत दिले की तुटून पडतो, आणि खबर आली की न वाचता पुढे ढकलतो.

मग खोट्या खबरीला सरकारनेच खोटे ठरवावे का? तसाही प्रयत्न झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून, सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवावे अशी सोय केली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते एकमेकांविरुद्ध पडली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर ह्यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. ज्याच्याबद्दल तक्रार त्यानेच न्यायनिवाडा करायचा, हे आपल्या गावच्या पंचायतीतही कुणी मान्य करणार नाही.

खोटे कसे सुधारते ह्याचे उदाहरण आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर ह्यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ भले भले भूगर्भशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे विवर म्हणत होते. ते चूक होते. शेवटी विवरात भोके पाडून नमुने काढले, आघाताशिवाय होत नाही अशी काच त्यात सापडली, आणि १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या लेखानंतर उल्कापाताचे मत पक्के झाले. चुकीचे मत देणाऱ्या एकाही शास्त्रज्ञाला कुणी अटक केली नाही. भोक पाडणारे यंत्र आणले, एवढेच.

जून २०२० मध्ये त्याच लोणारचे पाणी गुलाबी झाले. काय काय तर्क निघाले! देवीचा कोप, शुभशकुन, रसायन, कुणाचे कारस्थान. वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले, ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या 'नीरी'त गेले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातले गुलाबी सूक्ष्मजीव माजले, असे निघाले. बाटलीतले पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला आणि वर नितळ पाणी राहिले. ज्यांनी कोप म्हटले होते ते आपोआप गप्प झाले. (एक-दोघे अजून ऐकत नाहीत. त्यांनाही राहू द्या.)

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ रोज बातमीवर चार ओळी लिहायचे. विज्ञान, शेती, निवडणूक, काहीही. कधी बरोबर, कधी भलतेच. एकदा कुणी तरी धमकावले, 'तक्रार करीन'. तेव्हापासून ते फक्त सुप्रभात आणि फुलांची चित्रे पाठवतात. कुठला खटला नाही, तुरुंग नाही, कुठे नोंदही नाही. गावातला एक बोलका माणूस गप्प झाला, बस्स. असे किती झाले असतील त्याची मोजदाद कोण करणार?

लोकहितवादी पंचविसाव्या वर्षी असेच गप्प बसले असते तर चिपळूणकरांना चिडायला काही मिळाले नसते, आणि मराठी गद्य दोन्हीकडून गरीब राहिले असते. म्हणून माझे सांगणे साधे आहे. खबर आली की विचारा: कुठली, कधीची, कुणी पाहिली? उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका. आणि कुणी मत दिले तर ते ऐका, पटले नाही तर उत्तर द्या, चांगले खरमरीत द्या. पण त्याच्यावर उद्या संकट आले तर उरवण्यांची आठवण ठेवा.

असो. हेही शेवटी एका माणसाचे मतच. तुमचे वेगळे असेल तर जरूर कळवा, वाट पाहतो.