मांडवात कोण, मांडवाबाहेर कोण

स्मरणिकेसाठी नाशिकच्या इतिहासातले काही तरी लिहून द्या, असे संपादक-मंडळातल्या भगिनींनी सांगितले. आपल्या गावाला इतिहासाची वाण नाही. पंचवटी, गोदाघाट, काळाराम, सरकारवाडा यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे व पुढेही होईल. मला लिहावयाचे आहे ते एका भांडणाविषयी. भांडण लेखकांचे आहे, एकशेचाळीस वर्षांचे जुने आहे, आणि त्याचे धागेदोरे आपल्या द्वारकेच्या चौकातून फुटणाऱ्या रस्त्यांवरच सापडतात.

हाच विषय का घेतला हे लपविण्यात अर्थ नाही. मागील वर्षी आपल्यातल्या नऊ जणी मंडळातून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपले निराळे वाचन-मंडळ सुरू केले. कोण काय बोलले ते येथे उगाळीत नाही. द्वारकेपासून काठे गल्लीपर्यंत ते सर्वांच्या तोंडी झाले आहे. एवढेच सांगते की, बारा महिने आपण एकमेकींकडे पुस्तके पोचवीत होतो, फिरत्या वहीत अभिप्राय लिहीत होतो, एकीने लिहिलेल्यावर दुसरी चार ओळी खरडीत होती, तोवर कधी खटका उडाला नाही. वहीत सगळ्या सारख्याच होत्या. खटका उडाला तो वर्षातून एकदा सगळ्या एका सभागृहात जमलो तेव्हा, आणि तोही व्यासपीठावर कोणी बसावयाचे यावरून. मराठी लेखकांचे नेमके असेच झाले होते.

१८७८ सालाकडे जाऊ. त्या काळी मराठी लिहिणारी माणसे पुणे, मुंबई, सातारा, इंदूर, बडोदे अशी दूरदूर विखुरलेली होती. एकमेकांचा चेहरा पाहिलेला नसे, पण लिखाण ओळखीचे असे. वृत्तपत्रांतून, मासिकांतून, पत्रांतून त्यांचा एक गोतावळा तयार झाला होता. या गोतावळ्याने एकदा समक्ष भेटावे, चांगल्या ग्रंथांच्या प्रसाराचा विचार करावा, असे दोघांच्या मनात आले. एक लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि दुसरे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ७ फेब्रुवारी १८७८ च्या ‘ज्ञानप्रकाशा’त त्यांचे आवाहन प्रसिद्ध झाले आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकार जमले. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याचा आरंभ तो.

हे दोघेही आपल्या परिचयाचे, हे अभिमानाने सांगावयास हरकत नाही. रानडे जन्मले ते १८४२ साली आपल्या जिल्ह्यातल्या निफाडला, आणि त्याच १८७८ सालात त्यांची बदली नाशिकला झाली. लोकहितवादीही येथे न्यायाधीश होते. हिराबागेत पुरुष ग्रंथकार जमले त्याच सुमारास नाशकात काय चालले होते, ते रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ या पुस्तकात सापडते. रमाबाईंचे वय तेव्हा पंधरा-सोळांचे. पुस्तक हाती धरले म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांनी पुष्कळ सोसली होती. नाशकात त्यांना थोडी मोकळीक मिळाली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातल्या बायका जमत, आणि लोकहितवादींच्या उत्तेजनाने तेथे सीता, सावित्री यांच्या कथा, मुलींच्या शिक्षणाचा विषय असे काही तरी निघे. हळदीकुंकू म्हटले की कोणाची हरकत येत नसे. संमेलन म्हटले असते, तर उंबरा ओलांडता आला असता का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मला या गोष्टीचे फार वाटते. एकाच वर्षी, त्याच दोन माणसांच्या प्रेरणेने, दोन ठिकाणी माणसे जमू लागली. एकाचा वृत्तांत इतिहासात गेला. त्याला क्रमांक लागले, अध्यक्षांची यादी झाली. दुसऱ्याची आठवण एका बाईच्या पुस्तकात काही ओळींपुरती राहिली. आपल्यासारख्या मंडळांची वंशावळ शोधावयाची झाली, तर ती हिराबागेपर्यंत न जाता नाशकातल्या त्या हळदीकुंकवापाशी पोचते, असे मला वाटते.

पुरुष तेवढे लिहीत होते आणि बायका लिहीतच नव्हत्या, असे मात्र नव्हे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवण्यात आली. त्याला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर. भाषा अशी धारदार की आजही वाचताना दचकावयास होते. या पुस्तकावर इतकी टीका झाली की ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आपल्याला मिळाले नाही. त्यांची बाजू उघडपणे घेतली ती जोतीराव फुल्यांनी, आपल्या ‘सत्सार’मध्ये, १८८५ साली.

आणि नेमके त्याच साली दुसरे ग्रंथकार संमेलन भरले. २४ मे १८८५, गाव पुणेच. रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण धाडले. जोतीराव त्याच गावात राहत होते. मनात आणते तर पायी जाऊन बसले असते. त्यांनी पत्र लिहिले. ते ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की, सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मानीत नाहीत आणि ते ज्याचे त्याला देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. आमच्या लोकांचा विचार आम्हांलाच केला पाहिजे.

या पत्राकडे लोक दोन तऱ्हांनी पाहतात. काहींना त्यात नुसता कडवटपणा दिसतो, काहींना नुसता स्वाभिमान. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला संमेलनाशी काहीच कर्तव्य नसते, तो निमंत्रणाचा कागद बाजूला टाकून कामाला लागतो. जोतीरावांनी कारणे देऊन उत्तर लिहिले. मराठी ग्रंथकार म्हणवून घेण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नव्हता. मांडव कोणाच्या मालकीचा, एवढेच त्यांनी विचारले होते. आपल्यातल्या त्या नऊ जणींनीही जाताना चार पानी पत्र दिले होते. ते कार्यकारिणीच्या बैठकीत वाचले गेले नाही. ते दफ्तरात आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे.

तिसरे संमेलन भरले ते थेट १९०५ साली, साताऱ्यास. मध्ये वीस वर्षे गेली. त्यानंतर गावोगाव संमेलने होऊ लागली आणि १९४२ साली ती नाशिकलाही आली. अध्यक्ष आचार्य अत्रे. त्याच वर्षी आपल्या कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ प्रसिद्ध झाली. अध्यक्षांच्या खुर्चीवर तोवर एकही बाई बसली नव्हती. वास्तविक आपल्या गावाशेजारच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊन गेली होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठी गद्याला जे दिले, ते पदवीधरांना साधले नाही. लक्ष्मीबाईंना अध्यक्षपद मिळाले ते १९३३ साली, नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे. म्हणजे मोठ्या मांडवाने जे केले नाही, ते शेजारच्या लहान मांडवाने केले.

मोठ्या मांडवात ती खुर्ची बाईला मिळावयास १९६१ साल उजाडावे लागले. ग्वाल्हेरच्या संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. हिराबागेपासून मोजले तर ८३ वर्षे! त्यांचे पती कवी अनिल हे त्याआधीच, १९५८ साली, मालवणला अध्यक्ष होऊन गेले होते. (घरात आधी कोणाचे पान वाढावयाचे हा रिवाज येथेही पाळला गेला, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.) या दोघांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध आहे, ज्या तरुण भगिनींना पत्र म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांनी तो जरूर वाचावा.

पुढे १९७५ साली कराडला दुर्गाबाई भागवत अध्यक्ष झाल्या. आणीबाणी चालू होती, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. अशा मांडवात दुर्गाबाईंनी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या आरोग्यासाठी सर्वांना प्रार्थना करावयास लावली आणि लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तोंडावर मांडला. पुढल्या वर्षी त्यांना अटक झाली. खुर्ची उशिरा मिळाली म्हणून ती जपून वापरावी, असे त्या बाईंना वाटले नाही.

आता मांडवाबाहेर जे चालले होते त्याकडे वळते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. जोतीरावांचे पत्रच जणू त्र्याहत्तर वर्षांनी सभा होऊन उभे राहिले. १९९९ साली मुंबईत मोठे संमेलन भरले असताना धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले आणि अध्यक्ष होते बाबुराव बागूल. बागूल कोठले? आपल्या चौकातून पुणे रस्त्याने नाशिकरोडकडे निघालात की पलीकडे जे विहितगाव लागते, तेथले. १९३० चा जन्म तेथला, आणि २००८ साली त्यांचे निधन झाले ते नाशिकलाच. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या कथासंग्रहाने १९६३ साली मराठी कथेला हादरा दिला. आपल्यापैकी कित्येक जणी त्या रस्त्याने नित्य जातात. त्यांपैकी किती जणींना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

मधल्या काळात मोठा मांडवही जागचा हलला होता. १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले. २००५ साली नाशिकला पुन्हा संमेलन आले, तेव्हा अध्यक्ष होते केशव मेश्राम. बाहेर दुसरा मांडव पडला म्हणून आतल्या मांडवाची दारे रुंद झाली, असे माझे मत आहे. घरातली शांतता हीच सर्वांत मोठी गोष्ट, असे मानणाऱ्यांना ते पटणार नाही.

२०१९ च्या यवतमाळच्या संमेलनात तर आतले आणि बाहेरचे दोन्ही एकाच मांडवात समोरासमोर आले. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलाविले. उधळून लावण्याची धमकी येताच आयोजकांनी त्यांना येऊ नका म्हणून कळविले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, कित्येकांनी न येण्याचे ठरविले. अध्यक्षपदी होत्या अरुणा ढेरे. त्या आल्या, आणि झाले ते चुकीचे झाले, असे त्यांनी त्याच व्यासपीठावरून सांगितले. उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. शेतकरी पतीने आत्महत्या केल्यावर संसार ओढणारी ही यवतमाळ जिल्ह्यातली बाई. ग्रंथकारांच्या सभेत तिचे काय काम, असा प्रश्न १८७८ साली विचारला गेला असता. यवतमाळला तिचे भाषण सर्वांनी कान देऊन ऐकले.

शेवटी आपल्या डोळ्यांदेखत झालेले. २०२१ च्या डिसेंबरात ९४ वे संमेलन आपल्याकडे आडगावला भरले. यजमान संस्थेचे नाव लोकहितवादी मंडळ! ज्यांनी पहिले आवाहन काढले, त्यांच्याच नावाची संस्था. नियोजित अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. संमेलनगीतात सावरकरांचे नाव नाही यावरून आधी वाद झाला; शेवटच्या दिवशी पत्रकार गिरीश कुबेर यांच्यावर, त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील संभाजीमहाराजांविषयीच्या मजकुराबद्दल, शाई फेकण्यात आली. पत्र लिहून नकार देणे निराळे आणि शाई अंगावर फेकणे निराळे. शाईचा उपयोग जोतीरावांना अधिक चांगला ठाऊक होता.

त्याच दिवसांत गंगापूर रस्त्याला पंधरावे विद्रोही साहित्य संमेलन चालू होते. द्वारकेच्या चौकात उभे राहिले की एक मांडव आग्रा रस्त्याने एकीकडे आणि दुसरा गाव ओलांडून दुसरीकडे. आम्ही तिघी दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्ही ठिकाणी काही तेच चेहरे दिसले. ज्यांच्या हातात आडगावची पिशवी होती ते विद्रोहीच्या ग्रंथदालनात पुस्तके चाळीत होते. कोणी कोणाला अडविले नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला ९८ वे संमेलन झाले आणि तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. अठ्ठ्याण्णव संमेलनांत ही सहावी बाई. मध्ये शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष होऊन गेल्या, हे सांगावयाचे राहिले. ताराबाईंचे सारे आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात गेले. जात्यावर बसून ज्या बायकांनी सीतेचे दुःख आपले म्हणून गायिले, त्यांच्या ओव्यांत त्यांनी त्या बायकांचे मन शोधले. त्यांचे ‘सीतायन’ आपल्या मंडळाच्या कपाटात आहे, म्हणजे असावयास हवे. एकच प्रत होती, आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे ती त्या नव्या मंडळातल्या एका भगिनीकडे गेलेली आहे. तिकडे ती आता दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरत असल्याचे कळते. ग्रंथपालबाईंनी मला विचारले, की ती परत मागवावी काय. मी म्हटले, मागवू नका. आपण दुसरी घेऊ.