बॅरन बेट : भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी

अंदमान समुद्रात, अंदमान-निकोबार बेटांची राजधानी असलेल्या श्री विजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ईशान्येस सुमारे १३५ ते १४० किलोमीटर अंतरावर बॅरन हे निर्जन बेट आहे. भारताच्या भूमीवरील एकमेव जागृत ज्वालामुखी या बेटावर असून निसर्गप्रेमी, पाणबुडे आणि भूवैज्ञानिक यांना त्याचे विशेष आकर्षण वाटते. मात्र हे बेट पाहायचे ते समुद्रातूनच. सर्वसामान्य पर्यटकांना त्याच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास परवानगी नाही. या मनाईमागे प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विचार आहे, तसाच बेटावरील नाजूक जीवसृष्टीचाही आहे.

स्थान आणि रचना

बॅरन बेटाचा आकार साधारणपणे वर्तुळाकार असून त्याचा व्यास जवळपास ३ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस किलोमीटर आहे. बेटाची सर्वोच्च उंची समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते. परंतु दिसतो तेवढाच हा पर्वत नाही. समुद्रतळापासून तो सुमारे २,२५० मीटर पाण्यातून वर आलेला आहे. म्हणजेच पर्यटकांच्या दृष्टीस पडतो तो या प्रचंड पर्वताचा जेमतेम सातवा हिस्सा होय.

बेटाच्या मध्यभागी सुमारे २ किलोमीटर रुंदीचे एक विशाल कुंड आहे. पूर्वीच्या ज्वालामुखीचा माथा कोसळून ते तयार झाले. कुंडाभोवती उंच कड्यांची तटबंदी असून पश्चिमेच्या बाजूला ती भंगलेली आहे. कुंडाच्या मधोमध राखेचा आणि दगडगोट्यांचा शंकू उभा आहे. आजचे उद्रेक याच शंकूतून होतात आणि बाहेर पडणारा लाव्हारस पश्चिमेकडील खिंडारातून समुद्राकडे वाहत जातो. त्यामुळे नौकेतून बेट पाहणाऱ्यास पश्चिमेचीच बाजू सर्वांत अधिक माहिती देते. काळ्या लाव्हाचे खडबडीत पट्टे, त्यामागे राखाडी शंकू आणि दोन्ही अंगांना प्राचीन कडे असे दृश्य तेथून दिसते. याउलट पूर्व आणि दक्षिण बाजूंच्या बाह्य उतारांवर हिरवीगार झाडी आहे. एकाच बेटाची ही दोन रूपे पाहावयाची असल्यास बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालणे आवश्यक ठरते.

उद्रेकांचा इतिहास

या ज्वालामुखीच्या उद्रेकाची पहिली लेखी नोंद १७८७ सालची आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७८९ मध्ये, लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी या बेटाला भेट देऊन धगधगत्या शंकूचे वर्णन लिहून ठेवले. पोर्ट ब्लेअर हे नाव त्यांच्यावरूनच पडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही उद्रेकांच्या नोंदी आढळतात. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे एफ. आर. मॅलेट यांनी बॅरन आणि नारकोंडम या दोन बेटांवर सविस्तर प्रबंध लिहिला. तो १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात ज्वालामुखी शांत होता आणि पश्चिम किनाऱ्यावर गरम पाण्याचा झरा तेवढा वाहत होता.

ही शांतता जवळपास दीड शतक टिकली. मार्च १९९१ च्या अखेरीस बेटावरून धुराचे आणि राखेचे लोट उठू लागले आणि लाव्हारस पश्चिमेच्या खिंडारातून समुद्राला जाऊन मिळाला. हा उद्रेक त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत चालला. १९९४-९५ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. मे २००५ मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून कमीअधिक खंडाने तो सक्रिय राहिला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या विनाशकारी भूकंपाशी या उद्रेकाचा संबंध असावा काय, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये चर्चा झाली आहे.

जानेवारी २०१७ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’ या संशोधन नौकेवरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करीत होते. त्या वेळी, २३ जानेवारीस, शंकूतून अचानक राख उसळू लागली. अधिक जवळ जाणे धोक्याचे असल्याने शास्त्रज्ञांनी सुमारे एक मैलावरून निरीक्षण केले. ज्वालामुखी पाच ते दहा मिनिटांच्या लहान लहान टप्प्यांत उद्रेक करीत असल्याचे त्यांना आढळून आले. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत होते. सूर्यास्तानंतर मात्र तांबड्या लाव्हाचे कारंजे आणि उतारांवरून ओघळणारे लाव्हाचे प्रवाह स्पष्ट दिसू लागले. सप्टेंबर २०२५ मध्येही १३ आणि २० तारखेला येथे सौम्य स्वरूपाचे उद्रेक झाले.

अग्नी पेटतो कसा?

भारतीय भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेस बर्मा भूपट्टाखाली तिरकस सरकत आहे. खोल गेलेल्या या भूपट्टातील खनिजांमधून पाणी बाहेर पडते. त्या पाण्यामुळे वरच्या तप्त खडकांचा वितळणबिंदू खाली येतो, शिलारस निर्माण होतो आणि तो भेगांतून वर चढतो. सुमात्रा आणि जावा येथील ज्वालामुखीही याच प्रक्रियेतून जन्मले आहेत. बॅरन हा त्याच साखळीचा उत्तरेकडील दुवा होय.

बेटावरील लाव्हा प्रामुख्याने बेसाल्ट जातीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच. परंतु दख्खनचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आणि वेगळ्या कारणाने घडलेले आहेत, तर बॅरनवरील काही खडक अवघ्या काही वर्षांचे आहेत. येथील सर्वांत जुन्या उघड्या लाव्हाथरांचे वय सुमारे १६ लाख वर्षे असल्याचे संशोधकांनी किरणोत्सारी कालमापनाच्या आधारे म्हटले आहे. या बेटाच्या अभ्यासात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील भूवैज्ञानिकांचाही वाटा आहे.

राखेतून उगवणारे जीवन

बॅरन या इंग्रजी शब्दाचा अर्थ ओसाड असा असला तरी बेट निर्जीव नाही. कुंडाच्या बाहेरील उतारांवर जंगल आहे, झाडांवर फळे खाणारी वटवाघळे आहेत, तसेच उंदीर, कीटक आणि पक्षीही आहेत. सर्वांत आश्चर्यकारक वस्ती आहे ती रानटी बनलेल्या शेळ्यांची. १८९१ साली ब्रिटिशांच्या जहाजातून काही शेळ्या येथे सोडण्यात आल्या, असे सांगितले जाते. गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या बेटावर त्यांच्या पुढील पिढ्या टिकून राहिल्या. या शेळ्या समुद्राचे खारे पाणी पिताना आढळल्याची निरीक्षणे नोंदली गेली आहेत.

१९९१ च्या उद्रेकाने या जीवसृष्टीवर मोठा आघात केला. एप्रिल १९९३ मध्ये बेटाची पाहणी करणाऱ्या पथकाला पूर्वी नोंदलेल्या १६ जातींच्या पक्ष्यांपैकी केवळ ६ जातींचे पक्षी दिसले. त्यांत पांढऱ्या-काळ्या पिसांची मोठी रानकबुतरे संख्येने सर्वाधिक होती. ज्वालामुखीने पुसून टाकलेल्या भूमीवर कोणती वनस्पती प्रथम रुजते, कोणता पक्षी प्रथम परततो, याचा अभ्यास करण्याची अशी संधी भारतात अन्यत्र नाही. पर्यटकांच्या पादत्राणांना चिकटून आलेले एखादे परके बी किंवा नौकेतून उतरलेला एखादा उंदीरसुद्धा हा अभ्यास कायमचा बिघडवू शकतो. हे बेट वन्यजीव अभयारण्य म्हणून संरक्षित करण्यात आले आहे.

पाण्याखालचे वैभव

बेटाभोवतीचा समुद्र अत्यंत स्वच्छ असून अनुभवी पाणबुड्यांमध्ये तो विशेष प्रसिद्ध आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ एकदम खोल जातो. लाव्हाच्या जुन्या प्रवाहांनी पाण्याखाली काळे कडे, ओटे आणि भेगा तयार केल्या असून त्यांवर प्रवाळांनी वस्ती केली आहे. पंखांसारखे विशाल पर हलवीत संथपणे जाणारे मँटा रे मासे येथे पाहावयास मिळतात. मोठ्या उद्रेकानंतर राखेचा गाळ साचून प्रवाळांची हानी होते. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे वर्णन आजच्या स्थितीशी जुळेलच असे नाही. येथे बुडी मारण्यासाठी पूर्वानुभव आवश्यक असून नवशिक्यांनी स्वराज द्वीपाच्या (पूर्वीचे हॅवलॉक) उथळ समुद्रात सुरुवात करणे इष्ट ठरते.

शेजारी नारकोंडम

बॅरनच्या उत्तरेस सुमारे १३५ किलोमीटरवर नारकोंडम हे दुसरे ज्वालामुखी बेट आहे. ते सुमारे ७१० मीटर उंच असून घनदाट अरण्याने झाकलेले आहे. तेथील ज्वालामुखीच्या उद्रेकाची मानवी इतिहासात नोंद नाही. ‘नरककुंड’ या संस्कृत शब्दावरून हे नाव आले असावे आणि मुळात ते धगधगत्या बॅरनला उद्देशून वापरले जात असावे, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे.

नारकोंडम धनेश हा पक्षी संपूर्ण जगात केवळ या सुमारे ७ चौरस किलोमीटरच्या बेटावर आढळतो. मोठ्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. तेथील जुनी झाडे गेली तर या पक्ष्याला जगात दुसरे घर नाही. साहजिकच हेही बेट अभयारण्य असून ते पर्यटनासाठी खुले नाही.

बाराटांगचे चिखलाचे ज्वालामुखी

बॅरनची सागरी सफर शक्य नसेल त्यांना बाराटांग बेटावर भूगर्भातील हालचालींचा एक वेगळा आविष्कार जमिनीवरूनच पाहता येतो. श्री विजयपुरमपासून उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर चिखलाचे ज्वालामुखी आहेत. येथे आग किंवा लाव्हा नसतो. जमिनीखाली साठलेले वायू आणि पाणी यांच्या दाबाने थंड, राखाडी चिखल बुडबुड्यांसह वर येतो आणि त्याचे लहान उंचवटे तयार होतात. डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर येथे मोठ्या प्रमाणावर चिखल उसळला होता. खारफुटीच्या वनातून होडीने जाऊन बेटावरील चुनखडीच्या गुहाही पाहता येतात.

बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासी समाजाच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथून वाहने ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, जारवांची छायाचित्रे घेणे किंवा त्यांना खाद्यपदार्थ देणे यांस कायद्याने बंदी आहे. ते क्षेत्र जारवांचे घर आहे, याचे भान प्रवाशांनी ठेवणे अपेक्षित आहे.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बॅरनच्या प्रवासासाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ अनुकूल मानला जातो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. ताशी १० सागरी मैल वेगाच्या नौकेला श्री विजयपुरमहून बेटापर्यंत पोचण्यास सुमारे साडेसात तास लागतात. त्यामुळे रात्री निघून पहाटे बेटाजवळ पोचणे सोयीचे ठरते. उद्रेक चालू असल्यास पहाटेच्या अंधारात शंकूवरील तांबडी आभा दिसू शकते. उजाडल्यावर मात्र केवळ धूर आणि राख दिसते. अर्थात, प्रत्येक फेरीत उद्रेक दिसेलच, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

नौका ठरविण्यापूर्वी ती अधिकृत आहे काय आणि तिच्याजवळ वनविभागाची व अन्य आवश्यक परवानगी आहे काय, याची चौकशी करावी. परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र नियम असल्याने त्यांनी प्रशासनाकडून आधी माहिती घ्यावी. जीवरक्षक जाकीट, समुद्र लागल्यास घ्यावयाचे औषध, पिण्याचे पाणी आणि राखेपासून बचावासाठी नाकातोंडावर बांधण्याचे कापड सोबत असावे. वारा राख घेऊन येतो त्या दिशेला नौका नेऊ नये. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ज्वालामुखी अधिक सक्रिय असेल तर फेरी ऐनवेळी रद्द होऊ शकते. अशा वेळी नौकेच्या कप्तानाचा निर्णय अंतिम समजावा.

बेटाजवळ प्लास्टिक किंवा खाद्यपदार्थ समुद्रात टाकू नयेत आणि प्रवाळांना स्पर्श करू नये. दुर्बीण जवळ असल्यास नौकेवरूनच कुंडाचे थर, लाव्हाचे जुने-नवे प्रवाह आणि कड्यांवरील पक्षी न्याहाळता येतात. १९९१ नंतर बेटाच्या उतारांवर पुन्हा रुजू लागलेली हिरवळ त्याच अंतरावरून पाहावी. ती तशीच वाढत राहावी यासाठी माणसाने बेटावर न उतरणे हेच हिताचे आहे.