हललेल्या फोटोतलं वावधन

रोहिणी सरत आल्या की आमच्याकडे दुपारनंतर आभाळ अंधारून येतं. बडनेऱ्याच्या बाजूनं धुळीची भिंत सरकत येते, गोठ्यावरची टिनं खडखडतात आणि बाया अंगणातल्या कुरोड्या उचलत ओरडतात, “वावधन सुटलं व माय!” चांदूर रेल्वेत स्टुडिओ चालवताना मला नेहमी वाटायचं, या वावधनाचा फोटो काढायचा कसा? उडालेलं छप्पर, आडवा झालेला निंब हे सगळं नंतर मिळतं. वारा मात्र तोवर निघून गेलेला असतो.

आमच्या धंद्यानं वाऱ्याशी आधी वैरच धरलं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य होते. त्या काळी काचेवर रसायन ओतायचं आणि काच ओली आहे तोवरच फोटो घेऊन अंधाऱ्या तंबूत धुवायची. उजेड घ्यायला काही सेकंद लागत. तेवढ्यात झुळूक आली तरी झाडाचा धूर व्हायचा. म्हणून कॅमेरे दगडाकडे वळले. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्यासाठी वऱ्हाडातल्या लोणारची देवळं टिपली. देवळाला वाऱ्याचं भय नव्हतं.

चित्रकार मात्र पुढे होते. इंग्रज चित्रकार टर्नर यानं १८४४ साली पावसातून पुलावर येणारी आगगाडी रंगवली. त्या चित्रात फारशा कशालाच धड कड नाही, तरी वेग कळतो, पाऊस कळतो. पुढे नऊ वर्षांनी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६७ मध्ये रूळ आमच्या गावावरून नागपूरला पोचले. पावसात आउटर सिग्नलकडून येणारं इंजिन मी पाहतो, तेव्हा टर्नरचं खरं वाटतं.

फोटोत हे धाडस केलं ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्फाचं वादळ होतं. हातातला कॅमेरा घेऊन तो फिफ्थ अॅव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला आणि समोरून घोडागाडी आली तेव्हा त्यानं बटण दाबलं. निगेटिव्ह अस्पष्ट आहे, म्हणून सोबतच्या फोटोग्राफरांनी नाकं मुरडल्याचं त्यानंच पुढे सांगितलं. आज तो फोटो इतिहासात आहे. मला त्या तीन तासांचा फार आदर वाटतो.

आता यातलं गणित. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगानं पडतो. शटर १/१००० वर असेल तर तेवढ्या वेळात तो जेमतेम नऊ मिलिमीटर सरकतो आणि फोटोत मण्यासारखा थांबलेला दिसतो. १/३० वर तोच थेंब फूटभर रेघ ओढतो. त्या रेघा तिरप्या असल्या की वारा दिसायला लागतो. पण एक पथ्य आहे : फोटोत काहीतरी पक्कं उभं पाहिजे. प्लॅटफॉर्मचा खांब रेखीव आणि मागचा निंब पिंजलेला, तरच ते वादळ. खांबही पुसट असेल तर नुसता हात हललाय.

गावात मात्र हा फरक कोणी मानायला तयार नव्हतं. घरोघरी अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात शटरचा वेग बदलायची सोयच नव्हती, आणि ढगाळ दिवशी पळतं लेकरू हमखास पुसट यायचं. गिऱ्हाईक प्रिंट परत करून म्हणायचं, “भाऊ, हा तं हालला.” असे कितीतरी फोटो फाडले गेले. पहिल्या पावसात नाचणारी पोरं त्यांतच होती.

भारतातल्या पावसाचा एक जगप्रसिद्ध फोटो मात्र मण्यांसारख्या थांबलेल्या थेंबांचा आहे. न्यूझीलंडचा फोटोग्राफर ब्रायन ब्रेक १९६० मध्ये मान्सून टिपायला आला. त्याच्या फोटोत वर तोंड करून थेंब झेलणारी मुलगी म्हणजे शाळकरी वयातली, पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शिका झालेली अपर्णा सेन. कोलकात्यातल्या गच्चीवर झारीनं पाणी ओतून तो घेतला होता. सुंदरच आहे. पण आमच्याकडचा पहिला पाऊस तोंड वर करू देत नाही, डोळ्यांत माती भरतो.

सध्या वादळाचे सगळ्यात जास्त फोटो निघतात ते पंचनाम्यासाठी. २०१६ च्या पीक विम्यात आपल्या राज्यात २०२५ पर्यंत गारपिटीसारख्या नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. नुकसान झालं की शेतकरी मोबाईल घेऊन वावरात जातो. लोळलेला गहू, गळलेला संत्र्याचा आंबिया बहार, सगळं स्वच्छ आणि ठसठशीत. ते तसंच हवं, त्यावर घरचा पैसा अवलंबून आहे. पण गारा पडत असताना ओसरीत उभ्या माणसानं जे पाहिलं, ते त्या कागदांत येत नाही. तेही राहिलं पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी सांगतो : मोबाईलच्या प्रो मोडमध्ये जा, शटर १/१५ वर आणा, आयएसओ खाली घ्या, मोबाईल दाराच्या चौकटीला घट्ट टेकवा. समोर विजेचा खांब किंवा बंडीचं चाक येऊ द्या. एकावर थांबू नका, दहा-पंधरा काढा, त्यातला एखादा साधतो. आणि इजा चमकत असतील तर फोटो सोडा, दारापासून दूर घरात थांबा, झाडाखाली तर जाऊच नका.