टाकसाळीतील दोष व सातवाहन नाण्यांचे मूल्य

यवतमाळ जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना सातवाहनांच्या नाण्यांचे दोन महत्त्वाचे निधी मिळाले आहेत. वर्धा नदीपलीकडील चांदा (आता चंद्रपूर) जिल्ह्यातील निधी रॅप्सनच्या 1908 मधील ब्रिटिश म्युझियमच्या सूचीमुळे विद्वानांच्या परिचयाचा झाला. दुसरा निधी 1939 मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सापडला. हा भाग 1998 पासून वाशीम जिल्ह्यात मोडतो. त्यात सुमारे 1600 पोटीन नाणी होती. एका बाजूस हत्ती व त्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, असे त्यांचे सामान्य स्वरूप आहे.

या नाण्यांच्या वाचनातील मुख्य अडचण टाकसाळीतच निर्माण झालेली आहे. ठसा चकतीहून मोठा असे व तो क्वचितच मध्यभागी बसे. त्यामुळे लेखातील काही अक्षरे चकतीबाहेर जात. एका नाण्यावर नुसते 'सातक' उरते, दुसऱ्यावर आरंभीचे 'रञो सिरि' तेवढे दिसते. अशा स्थितीत एकाच नाण्यावरून राजाचे नाव ठरविणे धोक्याचे होय. एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवून एकीवरील उणीव दुसरीवरून भरून काढणे, हाच शास्त्रीय मार्ग आहे. वा. वि. मिराशी यांनी तऱ्हाळ्याच्या निधीचे संशोधन करताना पुराणांतील यादीत नसलेले कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे राजे उजेडात आणले. चांद्याच्या नाण्यांवरून रॅप्सनने ज्याला 'कृष्ण' मानले होते, तो वस्तुतः 'कर्ण' असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. अस्पष्ट अक्षरावर विसंबल्यास वंशावळीत नसलेला राजा शिरतो, हा या उदाहरणाचा बोध आहे.

दोष आणि हेतुपुरस्सर कृती यांतही भेद केला पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून अधिक रौप्य नाणी मिळाली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. येथील दुहेरी ठसा म्हणजे कारागिराचा प्रमाद नव्हे. तो सत्तांतराचा पुरावा आहे. याउलट, आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील चकतीच्या एका बाजूवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. हा निव्वळ टाकसाळीतील अपघात होय.

असा अपघात व मागाहून केलेली लबाडी यांतील फरक ओळखता येतो. खऱ्या दोषाच्या नाण्याची दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत असते. दोन नाणी एकमेकांवर दाबून उलटी प्रतिमा उठविल्यास दुसरी बाजू चेपलेली आढळते. यंत्रावरील चकतीचा तुकडा कापणीतच गेला असेल, तर बहुधा त्याच्या समोरची कडही अंधुक उठते. नाणे नंतर कापल्यास तसे होत नाही.

मूल्याचा विचारही येथूनच सुरू होतो. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने 180 ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया चालू केला. अशा यंत्रनिर्मित नाण्यांत दोष अपवादात्मक असतो, म्हणून संग्राहक त्याला अधिक किंमत देतात. हाताने पाडलेल्या नाण्यांत सरकलेला ठसा हा जवळजवळ नियमच असल्याने केवळ त्यामुळे किंमत वाढत नाही; तेथे पूर्ण लेखाचे नाणेच दुर्मिळ होय.

तथापि, बाजारातील किंमत व इतिहासातील मूल्य एक नव्हे. पोटीनला धातू म्हणून फारशी किंमत नाही. यामुळेच असे निधी दुर्लक्षिले जाण्याचा वा आटविले जाण्याचा संभव असतो. 1878 च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक झाले. परंतु निधी फुटून त्यातील निवडक नाणीच उरली, तर अपुऱ्या लेखांना परस्परांचा आधार उरत नाही. तऱ्हाळ्याचे खरे मोल कोणत्याही एका नाण्यात नसून, सदोष नाण्यांसह एकत्र अभ्यासल्या गेलेल्या त्या समुच्चयात आहे.