अंड्याचा भाव कोण ठरवतो?

बदलापूर स्टेशनला पूर्वेकडे उतरून खरवईच्या दिशेने निघालात, तर आज दोन्ही बाजूंना इमारती, दुकाने आणि कारखान्यांची कुंपणे लागतात. माझ्या लहानपणी तिथे भातशेती होती. शेताच्या कडेला सिमेंटच्या पत्र्यांची एक लांबलचक शेड होती. तिचा वास आधी यायचा आणि शेड नंतर दिसायची. माझे वडील तिथून अंडी घेऊन सायकलवरून अंबरनाथ, उल्हासनगरच्या बेकऱ्यांना आणि भुर्जीच्या गाड्यांना पोचवत. शेडच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणत असू आणि ते वडिलांना चाचा म्हणत. सकाळी दोघांचे पहिले वाक्य ठरलेले असे. दादा विचारत, "चाचा, आज शेकडा काय निघाला?"

हा प्रश्न मला त्या वयात फार गमतीचा वाटे. कोंबड्या यांच्या, खाद्य यांनी घातलेले, अंडी यांच्या शेडमधली, आणि भाव मात्र हे माझ्या वडिलांना विचारतात! वडिलांनाही तो कल्याणच्या व्यापाऱ्याकडून कळलेला असे आणि त्या व्यापाऱ्याला मुंबईहून. मुंबईला कोण सांगत असे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. अंड्याच्या धंद्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आपल्याकडे अंडे होते ते परसातले. चार-दोन गावठी कोंबड्या, वर्षाला पन्नास-साठ अंडी आणि त्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातातला. कोंबडी खुडूक बसली की अंडी बंद. 1950-51 साली देशात वर्षाला सुमारे 183 कोटी अंडी होत होती, म्हणजे माणशी पाच! 2023-24 मध्ये हा आकडा 14,277 कोटींवर गेला आणि माणशी 103 अंडी झाली. अंड्यांच्या उत्पादनात भारत आज जगात दुसरा आहे. एवढी मोठी उडी परसातल्या कोंबडीने मारलेली नाही. तिच्यासाठी वेगळी कोंबडी, वेगळे खाद्य आणि वेगळा हिशेब लागला.

सुरुवात सरकारने केली. मुंबईत आरेला केंद्र सरकारचे कुक्कुट पैदास केंद्र आले, पुण्याजवळ खडकीला राज्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र उभे राहिले. साठच्या दशकात परदेशी संकरित जाती आल्या. मात्र या धंद्याला उद्योगाचे रूप दिले ते पुण्यातल्या एका खासगी कंपनीने. डॉ. बंदा वासुदेव राव, म्हणजेच डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अमेरिकेतील बॅबकॉक या पैदास कंपनीशी सहकार्य करून त्यांनी अंडी देणाऱ्या कोंबडीची जात इथे आणली. तीच पुढे बीव्ही-300 या नावाने शेडाशेडांत पोचली. 1976 मध्ये वेस्टर्न हॅचरीज नावाने निघालेली याच समूहातली कंपनी पुढे व्हेंकीज (इंडिया) झाली आणि शेअर बाजारात गेली.

या समूहाची खरी हुशारी अशी, की त्याने अंडे विकण्यापेक्षा अंड्यासाठी लागणारे सगळे काही विकले. एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे, लसी, यंत्रसामग्री. लस बनवण्यासाठी लागणारी रोगजंतूविरहित खास अंडीसुद्धा! पिल्लू विकणाऱ्याचे पैसे पहिल्या दिवशी वसूल होतात. पिल्लू घेणाऱ्याची कहाणी मात्र त्या दिवशी सुरू होते.

ती कहाणी थोडी आकड्यांतच सांगतो. पिल्लाची तलंग होऊन ती पहिले अंडे देईपर्यंत अठरा ते वीस आठवडे जातात. तेवढे दिवस नुसते खाऊ घालायचे, मिळकत शून्य. मग साधारण वर्षभर ती जोमाने अंडी देते, तीनशेच्या वर. समजा, दहा हजार कोंबड्यांची शेड आहे. एक कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाते, म्हणजे रोज 1,100 किलो खाद्य. नव्वद टक्के कोंबड्यांनी अंडी दिली, तर रोज 9,000 अंडी. आता मका किंवा सोयापेंड महागली आणि खाद्य किलोमागे फक्त एक रुपयाने वाढले, तर वर्षाचा खर्च चार लाखांनी वाढतो. उलट अंड्याचा भाव उत्पादन खर्चाच्या पन्नास पैसे खाली गेला, तर रोज साडेचार हजारांचा तोटा, म्हणजे महिन्याला 1 लाख 35 हजार. कोंबडखत आणि शेवटी मांसासाठी विकलेली म्हातारी कोंबडी यांतून थोडेबहुत सुटते, एवढाच आधार.

कारखानदार म्हणेल, मंदी आहे तर यंत्र बंद ठेवा. कोंबडीला बंद ठेवता येत नाही. भाव असो-नसो, ती खाते आणि अंडे देते. अंडे साठवायचे म्हटले तर शीतगृह हवे, आणि ते छोट्या शेडवाल्याकडे कुठून असणार? त्यात आपले श्रावण, चातुर्मास, नवरात्र. त्या दिवसांत गिऱ्हाईक हात आखडते, कोंबडीला मात्र उपवास ठाऊक नाही. एकूण खर्चातले सत्तर टक्क्यांच्या आसपास केवळ खाद्याचे असतात. मक्याचा भाव दादांच्या हातात नाही, अंड्याचाही नाही. मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहून धंदा करायचा.

1980-81 च्या सुमारास ही जागा फारच चिंचोळी झाली. माल आधी पाठवायचा आणि भाव नंतर कळायचा, अशी रीत होती. ट्रक मुंबईला पोचला की व्यापारी सांगेल तो दर. नाही म्हणावे तर नाशवंत माल परत न्यायचा कुठे? खर्चही निघेना, तेव्हा शेडी बंद पडू लागल्या. या वेळी डॉ. राव देशभर फिरले, पोल्ट्रीवाल्यांच्या बैठकांमागून बैठका घेतल्या. 'माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन' अशा अर्थाची घोषणा घेऊन 1982 च्या मे महिन्यात राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली.

यात त्यांचा स्वार्थ नव्हता का? होता, आणि तो उघड होता. अंडीवाला बुडाला तर पिल्ले कोण घेणार? पण ज्या स्वार्थात दुसऱ्याचेही भले होते, त्याला आपण धंदा म्हणतो आणि तो वाईट नसतो. समितीने विभागवार रोजचा भाव जाहीर करायला सुरुवात केली. तो सुचवलेला भाव असतो, कायद्याचा नव्हे. तरी त्यामुळे मोठा फरक पडला. मुंबईचा व्यापारी आणि आडगावचा शेडवाला यांना एकाच सकाळी एकच आकडा कळू लागला. भाव फारच पडला तर अंडी उचलून शीतगृहात ठेवण्यासाठी अॅग्रोकॉर्पेक्स नावाची कंपनी काढली गेली. शिवाय दूरदर्शनवरच्या त्या जाहिराती! आठवड्याच्या वारांची नावे घेत रोज अंडे खायला सांगणारी ती ओळ आमच्या पिढीला पाढ्यांसारखी पाठ आहे. डॉ. रावांना 1990 मध्ये पद्मश्री मिळाली. 1996 मध्ये ते गेले आणि त्यांच्या कन्या अनुराधा देसाई यांनी समूहाची धुरा घेतली. 2010 मध्ये याच घराण्याने इंग्लंडमधला, 1875 साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. तिथे मात्र त्यांचा हिशेब चुकला. 2012 मध्ये क्लब वरच्या श्रेणीतून खाली घसरला त्या सामन्यात, मैदानात कुणी तरी चक्क एक कोंबडी सोडली होती!

आमच्या खरवईत मात्र त्या भावाच्या आकड्याने चांगले दिवस आणले. दादांनी दुसरी शेड बांधली. खाली भाताचे तूस पसरण्याची पद्धत जाऊन पिंजरे आले. वडिलांची सायकल जाऊन लुना आली. तीस अंड्यांचा एक ट्रे, सात ट्रेंची 210 अंड्यांची पेटी, हा हिशेब मी शाळेच्या गणिताआधी शिकलो. ईदच्या आदल्या दिवशी दादा दोन ट्रे वेगळे काढून ठेवत. "चाचा, हे हिशेबात धरू नका," म्हणत. वडील ते हिशेबात धरत आणि दिवाळीत तेवढ्याच किमतीची मिठाई त्यांच्या घरी जाई.

पिंजऱ्यांबद्दलही बोललेच पाहिजे. त्यात एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा पुस्तकाच्या मोठ्या पानापेक्षाही कमी असते. तिला पंख पसरता येत नाहीत. 2017 मध्ये विधी आयोगाने याच विषयावर 269 वा अहवाल दिला आणि प्रश्न सरकारदरबारी पोचला. स्वस्त अंडे हवे असेल, तर त्याची किंमत कुणी तरी चुकवते. काही शेडवाला चुकवतो, काही कोंबडी. कवी म्हणून मला दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटते आणि हिशेब मांडला की दोघांचीही एकदम घेता येत नाही.

मग 2006 चा फेब्रुवारी उजाडला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला, देशातला पहिला. तिथल्या शेडींमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नवापूर कुठे आणि खरवई कुठे! दादांची एकही कोंबडी आजारी पडली नाही. पण दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या बेकरीवाल्याने वडिलांना दारातूनच परत पाठवले. भुर्जीच्या गाड्या झाकल्या गेल्या. कोंबड्या रोज खात होत्या, रोज अंडी देत होत्या आणि अंडी ट्रेमध्ये चढत होती. भाव जाहीर व्हायचा, पण घेणाराच नसेल तर भावाला काय चाटायचे?

ज्यांची कोंबडी सरकारने मारली, त्यांना भरपाई मिळाली. ज्यांचे बँकेचे कर्ज होते, त्यांच्यासाठी केंद्राने व्याजात सवलत आणि परतफेडीला मुदत जाहीर केली. दादांची कोंबडी जिवंत होती आणि कर्ज बँकेचे नव्हते. ते खाद्यवाल्याच्या वहीतले होते, उधारीचे. त्या वहीपर्यंत कुठलीच सवलत पोचत नाही. उन्हाळा सरता सरता त्यांनी कोंबड्या मिळेल त्या भावाला काढल्या आणि पुढच्या वर्षी जमीन. रोगाने न शिवलेली शेड रोगाच्या बातमीने गेली.

हे एकदाच घडले असते, तर मी आज सांगत बसलो नसतो. 2020 मध्ये कोंबडीमुळे करोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि पुन्हा तेच झाले. 2021 च्या सुरुवातीला परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, पाठोपाठ पुन्हा नवापूरला. त्याच वर्षी सोयापेंड इतकी महागली, की केंद्राला 12 लाख टन पेंड आयात करू द्यावी लागली. 2022 च्या फेब्रुवारीत आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला सुमारे पंचवीस हजार पक्षी मारावे लागले. अशा धक्क्यांत मोठी कंपनीही तोटा सोसते. पण तिच्याकडे पिल्ले, खाद्य, औषधे असे चार खांब असतात. एक हलला तरी छप्पर टिकते. दादांचे छप्पर एकाच खांबावर होते.

याचा परिणाम बघा. जानेवारी 2023 मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने सांगितले, की महाराष्ट्र रोज सव्वादोन कोटींवर अंडी खातो आणि पिकवतो एक ते सव्वा कोटी. उरलेली आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडूतून येतात. देशाला पोल्ट्री शिकवणारी कंपनी पुण्यातली, भाव ठरवणाऱ्या समितीचे मुख्यालय पुण्यात, आणि आपल्या ताटातले प्रत्येक दुसरे अंडे परराज्यातले! भाव कळणे आणि धक्का सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची सोय 1982 मध्ये झाली. दुसरीची अजून व्हायची आहे. पिकाला विमा आहे, हमीभावाची निदान चर्चा तरी आहे. अफवेने बुडालेल्या शेडीसाठी काय आहे?

गेल्या हिवाळ्यात खरवईला एका किराणा दुकानात अंडी घ्यायला थांबलो. दुकान एका इमारतीच्या तळमजल्यावर होते आणि माझ्या अंदाजाने ती इमारत दादांच्या दुसऱ्या शेडीच्या जागेवर आहे. दुकानदार तरुण होता. मी विचारले, "ही अंडी कुठली?" तो म्हणाला, "गाडी येते काका, बाहेरून." सवयीने तोंडातून गेले, "आज शेकडा काय निघाला?" त्याने मोबाइलमध्ये बघितले आणि पटकन आकडा सांगितला. मी डझनभर अंडी घेतली. वडिलांची सवय अंगात मुरलेली आहे, प्रत्येक अंडे उजेडाकडे धरून बघितले आणि मगच पिशवीत ठेवले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)